टाच आणि चवडा

तिसऱ्या गेटच्या पलीकडे, उद्यमबागेत,
माझ्या शेडमध्ये एक काळी फळी आहे, दीड हात लांब.
तिच्यावर उभं राहून लोक
नसलेल्या गवतावर लोखंड मारतात.

मी गोल्फ खेळत नाही.
बत्तीस वर्षं टूलरूममध्ये गेली, व्हॉल्व्हच्या सीटा घासण्यात.
पण लोखंड कुठवर वाकतं हे हाताला कळतं,
म्हणून कॅम्पातले साहेब पिशव्या घेऊन येतात.

मंगळवारी हिरेमठ डॉक्टरीणबाई आल्या.
उंची पाच फूट, तीही ओढूनताणून.
हातात भावाचा जुना सात नंबरचा आयर्न.
"नागेशराव, चेंडू डावीकडंच जातोय बगा.
दोन वर्षं झाली, निलगिरीत शोधतेय.
सुभेदार म्हणतात मनगट सैल.
आमचे हे म्हणतात लक्ष नाही.
दोन्ही खरं असंल की."

मी काहीच बोललो नाही.
आयर्नच्या तळव्याला निळी टेप लावली.
"मारा. चेंडू आहे असं समजा."
ठक्.

टेप टाचेशी घासलेली.
चवडा कोरा, जमिनीला शिवलाच नव्हता.
खडे बाजारातला सिद्राम चपलेचा तळ बघून
माणूस कसा चालतो ते सांगायचा,
तसं ते समोर लिहिलेलं होतं.

"भाऊ उंच?"
"सहा फूट दोन."
"मग हा त्याच्या मापानं उभा आहे.
तुमच्या हातात टाच आधी टेकते, तोंड डावीकडं वळतं.
बाई, तुम्ही सरळच मारताय."

त्या फळीवरून उतरल्या नाहीत.
मीच बोलत सुटलो, नको तेवढं:
नवीन घ्याल तेव्हा चकाकीला भुलू नका,
बोटाच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप लावतील,
लावू द्या, पण तेवढ्यावर पैसे देऊ नका.
माणूस उभा एक राहतो आणि फिरतो वेगळाच.
मारून बघा. टेप बघा. मग घ्या.

हा घडीव होता, ऐकणार होता.
ओतीव असता तर हातही लावला नसता;
जन्म फाउंड्रीच्या शेजारी गेला,
ओतीव लोखंड समजूत काढून घेत नाही, तडकतं.
वाइसमध्ये मान धरली.
एक अंश. मारा. अजून एक. मारा.
तिसऱ्याला डाग मधोमध आला,
रुपयाच्या नाण्याएवढा.

सगळं मराठीत चाललं होतं,
पैशाचं मात्र त्यांनी कानडीत विचारलं, "एष्टु आय्तु?"
मीही आकडा कानडीतच सांगितला.
जाताना दारात थांबून म्हणाल्या,
"दोन वर्षं."
बाकीचे आयर्न उद्या पाठवते, हा ठेवून घ्या म्हणाल्या.

अकरा वर्षांचा होतो तेव्हा मी तिथं पिशव्या उचलायचो.
एका मेजरनं मुठीची कातडी फाटलेला एक आयर्न दिला.
शेणकुटांच्या मागे मोकळ्या जागेत मी महिनाभर मारला.
सगळं डावीकडे. सगळं.
कॅडींचा मुकादम अप्पू सांबरेकर हसला होता,
"तुझा हातच वाकडा, नाग्या."
मी मानलं.
फाउंड्रीत लागलो त्या आठवड्यात
तो आयर्न भंगाराच्या ढिगात मीच टाकला.
कुठल्याशा पंपाच्या पोटात असेल आता.
तो मेजर किती उंच होता
ते आठवायचा मी काल रात्री फार प्रयत्न केला.
पाय आठवतात. बूट आठवतात.
बूट मोठे होते.

शटर अर्धं ओढलं.
बाईंच्या आयर्नला नवी टेप लावली,
फळीवर उभा राहिलो, चपला काढून, का कुणास ठाऊक.
ठक्.

डाग चवड्याशी.
अर्थात.
तो आता बाईंचा आहे.